सहा बिलं आणि चार पॅनल

बडोद्यात आमच्या कारेलीबागेतल्या सोसायटीत छपरावर सोलर बसवायची चर्चा निघाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कितीला पडलं? दुसरा: सबसिडी आली का? तुमचं लाइट बिल कोणत्या महिन्यात किती येतं, हे मात्र कोणी विचारत नाही. सगळा खेळ खरं तर तिथे असतो. गेल्या वर्षी आम्ही छपरावर चार पॅनल बसवले. त्या निमित्ताने मला पॅनलपेक्षा बिलाचाच अभ्यास जास्त झाला, म्हणून हे लिहिते आहे.

आमचं टेनामेंट, म्हणजे स्वतःचं छप्पर असलेलं घर. खाली आई (सासूबाई) आणि आम्ही दोघं, वरच्या खोल्या मुलांच्या. एसी दोन. बडोद्यात घरगुती बिल दोन महिन्यांनी येतं. जुनं गुजरात इलेक्ट्रिसिटी बोर्ड (जीईबी) जाऊन वीज कंपनीचं नाव एमजीव्हीसीएल होऊन वीस वर्षं उलटली, तरी आई अजून ‘जीईबीचं बिल आलं’ असंच म्हणतात. 2024 च्या एप्रिल-मेचं आमचं बिल 900 युनिटचं होतं, 7,584 रुपये. ह्यांनी ते फ्रिजवर मॅग्नेटखाली लावून ठेवलं, म्हणजे एसीचा रिमोट हातात घेण्याआधी दिसावं. त्याचा कोणावर काही परिणाम झाला नाही.

मी आयुष्यभर शाळेच्या ऑफिसात हिशेब लिहिले. त्यामुळे हे 7,584 आले कुठून ते काढून बघितलं. गुजरातेत दर स्लॅबने चढतो. महिन्याला पहिली 50 युनिट 3.05 रुपयांनी, पुढची 50 युनिट 3.50 ने, त्यानंतरची 150 युनिट 4.15 ने आणि 250 च्या वर 5.20 ने. बिल दोन महिन्यांचं, म्हणून हे आकडे दुप्पट धरायचे. याप्रमाणे 900 युनिटचे होतात 3,980 रुपये. मग बाकीचे कुठून आले? तर फ्युएल सरचार्ज, म्हणजे वीज बनवायच्या इंधनापोटी लावलेला जादा आकार. तो तेव्हा युनिटला 2.85 रुपये होता, म्हणजे आणखी 2,565. फिक्स्ड चार्ज फक्त 50 रुपये, कारण आमचा लोड (कंपनीने मंजूर केलेला वीजभार) 3 किलोवॉटचा आणि त्याला महिन्याला 25 रुपये लागतात. आणि या सगळ्यावर 15 टक्के इलेक्ट्रिसिटी ड्युटी.

‘आपल्याकडे वीज तीन-चार रुपयांनी मिळते’ असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून बघावा. त्या मे महिन्यात आमचं शेवटचं युनिट सरचार्ज आणि ड्युटीसकट सव्वानऊ रुपयांना पडत होतं, आणि सगळ्यात स्वस्त पहिलं युनिटसुद्धा पावणेसातच्या वर. दरपत्रकात दर वर्षानुवर्षं तेच दिसतात, वाढायचं-घटायचं काम सरचार्ज करतो. 2023 मध्ये तो 3.35 पर्यंत गेला होता, नंतर 2.85, मग 2.45, आणि 2025 च्या जुलैपासून 2.30. दर वाढवले नाहीत ही बातमी होते, सरचार्ज मात्र बिलाच्या एका ओळीत बसलेला असतो.

सोलरच्या दृष्टीने इथे दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे फिक्स्ड चार्ज अगदी किरकोळ आहे. तुम्ही ग्रिडकडून, म्हणजे कंपनीच्या तारांतून, निव्वळ शून्य युनिट घेतलीत, तर बिल खरंच शून्याजवळ जातं. दुसरी गोष्ट, पॅनलने वाचवलेलं युनिट तुमच्या सगळ्यात महाग स्लॅबमधून वाचतं. वरून कापत कापत खाली यायचं. म्हणून मोठं बिल असलेल्याला पहिले एक-दोन किलोवॉट सोन्यासारखे लागतात.

पण मग उरलेलं युनिट? गुजरातेत घरगुती ग्राहकाची शिल्लक वीज कंपनी 2.25 रुपयांनी घेते. आणि शिल्लक ठरते ती त्या-त्या बिलाच्या मुदतीत. म्हणजे दुपारी पॅनलने बनवलेली वीज तुम्ही रात्री एसीला वापरलीत, तर ती युनिटला युनिट वजा होते. पण डिसेंबरात उरलेलं युनिट मे महिन्यासाठी जमा राहत नाही. त्याचे 2.25 लावून रुपये खात्यात जमा होतात आणि विषय संपतो. पुण्याला आमच्या भावजींकडे तसं नाही. तिथे उरलेली युनिट पुढच्या महिन्यात जातात आणि मार्चअखेरीला हिशेब होतो. शिवाय त्यांच्याकडे 100 युनिटांच्या पुढे दर एकदम दुपटीहून वर उडी मारतो, त्यामुळे तिथे दोनशे-अडीचशे युनिटवाला माणूसही सोलरच्या मागे लागतो. इंदूरला माझ्या मावसबहिणीचं उलट. महिन्याला 150 युनिटांच्या आत राहिलं की पहिली 100 युनिट 100 रुपयांत मिळतात. ती कशाला छपरावर लाख रुपये घालेल? ऊन तर तिन्ही गावांत सारखंच रणरणतं.

आमची विजेची बँक दिवस-रात्रीची आहे, उन्हाळा-हिवाळ्याची नाही. हे एकदा ध्यानात आलं आणि मग किती किलोवॉट घ्यायचे याचं उत्तर मला सोलरवाल्याकडून नको होतं, माझ्या सहा बिलांकडून हवं होतं.

तरी सोलरवाले आलेच. पहिला मुलगा आला तो टॅबलेट घेऊन, छपरावर न चढताच म्हणाला, “बेन, त्रण किलोवॉट ज लखावी दो, सबसिडी पूरी मळशे.” तीनच का, विचारलं तर म्हणाला सगळे तीनच घेतात. त्याचं चूक नव्हतं. सबसिडीची रचनाच तशी आहे. प्रधानमंत्री सूर्य घर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली, त्यात पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी 30,000, तिसऱ्याला 18,000, आणि तीनच्या पुढे कितीही लावा, 78,000 च्या वर नाही. लोकांना 78,000 हा आकडा पाठ झालाय, त्यामुळे सगळ्यांची छपरं 3 किलोवॉटची होत चालली आहेत. आईंना तर टीव्हीवरून कळलं होतं की सरकार महिन्याला 300 युनिट फुकट देतं. त्यांना समजवावं लागलं की देत कोणी नाही, 3 किलोवॉटचे पॅनल महिन्याला साधारण तेवढी वीज बनवतात, आणि पॅनलचे पैसे आपले असतात. “मग फुकट कसं?” या त्यांच्या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांचंच बरोबर होतं.

मी वहीत दोन रकाने केले. डिसेंबर-जानेवारीत आम्हाला दोन महिन्यांना 280 युनिट लागतात, फेब्रुवारी-मार्चला 380, एप्रिल-मे 900, जून-जुलै 820, ऑगस्ट-सप्टेंबर 600, दिवाळीच्या दोन महिन्यांत 480 च्या आसपास. पॅनल किलोवॉटमागे दिवसाला सरासरी 4 युनिट देतात, उन्हाळ्यात जास्त, पावसाळ्यात कमी. चार पॅनल (550 वॉटचे, म्हणजे 2.2 किलोवॉट) लावले तर उन्हाळ्याची महाग युनिट बहुतेक कापली जातात आणि हिवाळ्यात थोडी उरतात. सहा पॅनल लावले तर उन्हाळ्याचं बिल जवळजवळ शून्य होतं, पण हिवाळ्यात ढीगभर युनिट 2.25 ने जातात. कोटेशन होतं चार पॅनलला 1,35,000 आणि सहाला 1,90,000. सबसिडी वजा करता 75,000 आणि 1,12,000. म्हणजे वरचे दोन पॅनल 37,000 ना पडत होते आणि वर्षाला साधारण साडेसहा हजार वाचवत होते. पहिले चार पॅनल 75,000 लावून वीस हजाराच्या आसपास वाचवत होते. पहिल्यांचे पैसे चार वर्षांच्या आत वसूल, वरच्यांचे साडेपाच-सहा वर्षांत. वरचे दोन काही तोट्याचे नव्हते, पण आज घ्यायची निकड नव्हती. मी चार सांगितले. त्या मुलाचा चेहरा पडला.

एक गोष्ट मात्र त्याने चांगली सांगितली: स्ट्रक्चर सहा पॅनलचं करून ठेवा, पुढेमागे वाढवायचं झालं तर परत लोखंड आणायला नको. तेवढं ऐकलं. वाढवताना सबसिडी मिळेलच असं काही मी धरलेलं नाही. आणि लोड वाढवून घ्यावा लागेल का, ही भीती खोटी निघाली. गुजरातेत घरगुती ग्राहकाला मंजूर लोडपेक्षा मोठं सोलर लावता येतं.

कागदपत्रांचं मात्र वेगळंच निघालं. आमचं लाइट बिल अजून नानांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या नावावर. नाना जाऊन बरीच वर्षं झाली, बिल भरताना कोण नाव बघतो? पण योजनेच्या पोर्टलवर अर्ज करायचा तर ग्राहक क्रमांक, बिलावरचं नाव आणि सबसिडी ज्या बँक खात्यात यायची ते नाव जुळायला हवं. म्हणजे आधी नाव बदला. नाव बदलायला मृत्यूचा दाखला, वेऱ्याची (घरपट्टीची) पावती, घराचे कागद, बाकीच्या वारसांची संमती. पुण्याहून भावजींची आणि सुरतेहून नणंदेची सही मागवली. भावजी फोनवर म्हणाले, “वहिनी, सोलरसाठीच ना सही? की घरच नावावर करून घेताय?” हसत म्हणाले, पण वारसांच्या सहीला कोणत्याही घरात थोडा वेळ लागतोच. सोसायटीतल्या निदान तीन घरांचं सोलर याच एका कागदावर अडलेलं मला ठाऊक आहे. सबसिडी कितीही चांगली असो, बिल वारलेल्या माणसाच्या नावावर असेल तर तिचा उपयोग नाही.

तांत्रिक मंजुरी मात्र सोपी झाली आहे. 10 किलोवॉटपर्यंत आता अर्जाच्या वेळी वेगळी तपासणी लागत नाही, अर्ज मंजूर धरला जातो. हा बदल केंद्राच्या नियमांत 2024 च्या सुरुवातीला झाला.

हे सगळं चालू असताना ऑगस्टमध्ये पूर आला होता, तोही सांगायला हवा. विश्वामित्री नदी 2024 च्या ऑगस्टअखेर शहरात शिरली, रस्त्यांवर मगरी फिरत होत्या, आणि आमच्या भागात वीज बंद. समोरच्या पटेलभाईंच्या छपरावर पाच किलोवॉटचं सोलर, वर ऊनही पडलेलं, आणि घरात मेणबत्ती. आईंनी खिडकीतून बघून विचारलं, “यांचं सोलर भिजलं काय?” भिजलं नव्हतं. बॅटरी नसलेलं सोलर ग्रिड बंद झाली की आपोआप बंद पडतं, नाहीतर खांबावर दुरुस्तीला चढलेल्या माणसाला आपल्या घरातून शॉक जाईल. बिल कमी करायला सोलर, अंधार घालवायला नव्हे. ज्यांना वाटतं सोलर लावलं की लाइट गेल्याची चिंता मिटली, त्यांनी हे आधीच समजून घेतलेलं बरं. बॅटरीचा खर्च वेगळा, आणि बडोद्यात एरवी वीज जातेच कुठे?

पण पुराने एक शिकवलं. पटेलभाईंचा इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारी पेटी) पार्किंगच्या भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर होता, तो पाण्यात गेला. आम्ही आमचा वरच्या जिन्यात, छपराखाली बसवला. केबल थोडी जास्त लागली, तिचे पैसे वेगळे दिले.

दिवाळीनंतर काम सुरू होणार होतं, पण मुलांनी बजावलं होतं की उत्तरायण (संक्रांतीचे पतंग) होईपर्यंत गच्चीला हात लावायचा नाही. बडोद्यात 14 आणि 15 जानेवारीला गच्ची ही घरातली सगळ्यात महत्त्वाची खोली असते. सोलरवालाही बिनतक्रार थांबला, त्याच्या निम्म्या गिऱ्हाइकांनी हेच सांगितलं होतं. त्यामुळेच आम्ही स्ट्रक्चर उंच घेतलं, खालून माणूस उभा जाईल एवढं. त्याचे पैसे जास्त लागतात, पण पॅनल गुडघ्याएवढ्या उंचीवर बसवले की गच्ची कायमची गेली. कपडे कुठे वाळवायचे, पापड कुठे घालायचे, पतंग कुठून उडवायचे?

गच्चीला आमच्या चायना मोझेक आहे, पांढऱ्या फुटक्या टाइलची ती. पाणी ती उत्तम अडवते, पण एकदा भोक पाडलं की पावसाळ्यात खालच्या खोलीत थेंब टपकलाच म्हणून समजा. सोलरवाल्याची माणसं ड्रिल घेऊनच आली होती. ह्यांनी ड्रिल परत ठेवायला लावलं आणि मोझेकवरच काँक्रीटचे चौकोनी ठोकळे ओतून त्यांत खांबांचे बोल्ट बसवून घेतले. दोन दिवस ते ठोकळे गोणपाट टाकून ओले ठेवायचं काम आईंनी घेतलं. नंतर अंगणात अर्थिंगचे तीन खड्डे झाले, एक घराकडच्या एसी प्रवाहाचा, एक पॅनलकडच्या डीसी प्रवाहाचा, एक आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या सळीचा. तिसरा नेमका तुळशीच्या शेजारी येत होता. तो हलवला. आमच्याकडे याबाबतीत चर्चा होत नाही.

पॅनल लागले त्या दिवशी शेजारच्या मीनाबेन वर आल्या, मीटरकडे बोट दाखवून म्हणाल्या, “हा स्मार्ट मीटर तर नाही ना?” 2024 च्या मे महिन्यात स्मार्ट प्रीपेड मीटरवरून बडोद्यात मोठा गदारोळ झाला होता, लोक मोर्चे घेऊन गेले होते. तेव्हापासून नवा कोणताही मीटर दिसला की लोक बिचकतात. त्यांना सांगितलं, हा नेट मीटर, आत आलेली वीज आणि बाहेर गेलेली वीज दोन्ही मोजतो. त्यांचं समाधान झालं असं वाटलं नाही.

तपासणी झाली, नेट मीटर लागला, फेब्रुवारीत सिस्टिम चालू झाली आणि सबसिडीचे 60,000 खात्यात आले. त्या भागाबद्दल काही विशेष सांगण्यासारखं नाही, आणि हेच त्याचं कौतुक.

पहिलं पूर्ण बिल एप्रिल-मे 2025 चं. वापर तोच, 900 च्या आसपास. पॅनलनी 640 युनिट बनवली, कंपनीने हिशेबात धरली 260. बिल 1,830 रुपये. त्या वेळचा सरचार्ज 2.45 धरला तर सोलर नसतं तर 7,170 आलं असतं. म्हणजे 640 युनिटांनी 5,340 रुपये वाचवले, युनिटमागे सव्वाआठच्या वर. आता याच जानेवारीअखेरचं बिल बघा. वापर 280, पॅनलनी बनवली 480, उरली 200. त्याचे 2.25 ने 450 रुपये, त्यातून फिक्स्ड चार्ज वजा होऊन बाकी जमा. तेच पॅनल, तेच छप्पर, तोच सूर्य. मे महिन्याचं युनिट सव्वाआठचं आणि जानेवारीचं सव्वादोनचं.

याचा एक परिणाम मी आधी धरला नव्हता. हिवाळ्यात आम्ही एक जास्त युनिट वापरलं तर आम्हाला ते 2.25 लाच पडतं, कारण तेवढेच पैसे कंपनीने दिले असते. म्हणून हे बिल बघितल्यावर गॅस गीझर बंद करून विजेचा लावला, आणि सकाळचं दूध-चहा इंडक्शनवर. पाइपलाइनच्या गॅसचं बिल कमी झालं. उन्हाळ्यात पुन्हा गॅस. आईंना हा कारभार विचित्र वाटतो: “थंडीत वीज उधळायची आणि उन्हाळ्यात जपायची?” दरपत्रकच तसं आहे म्हटल्यावर त्या चहा घेऊन निघून गेल्या.

ज्याचं बिल आधीच लहान आहे, ज्याला स्वतःचं छप्परच नाही, त्याच्यासाठी यातलं काहीच नाही, ही गोष्ट मला खटकते. दांडिया बाजारात माझी चुलत नणंद भाड्याने राहते, जुन्या वाड्यात, वर कौलं. महिन्याला 100 युनिट. सरचार्ज आणि ड्युटी ती माझ्याएवढ्याच दराने भरते, पण 60,000 ची मदत मिळाली मला. अपार्टमेंटमधल्या वरच्या मजल्यावाल्यांची गच्ची सामाईक, तिथे एकमत व्हायला जितका वेळ लागतो तितक्यात योजना बदलते. आणि बदलतेच. आम्ही घेतलं तेव्हा पॅनलवर 12 टक्के जीएसटी होता, सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के झाला. ह्यांना ते काही दिवस लागलं होतं. मी म्हटलं, थांबलो असतो तर एक उन्हाळा सात हजारांच्या बिलात गेला असता.

हल्ली सोसायटीतले लोक विचारायला येतात तेव्हा मी आधी वर्षाची सहा बिलं मागते. बहुतेक जण दोन आणतात, तीही उन्हाळ्याची. परवा मीनाबेनचा मुलगा मात्र सहाच्या सहा घेऊन आला. त्यांच्याकडे तीन एसी, दोन इलेक्ट्रिक स्कूटर, वर्षभर चार्जिंग, हिवाळ्यातही 600 च्या खाली जात नाहीत. त्याला मी तीन किलोवॉट सांगितले, हवं तर चार. बिल कोणाच्या नावावर आहे, विचारलं. आजोबांच्या.